हेमांगीस, टोकन देण्याआधी

फोटो बघितले तू पाठवलेले.
चौदा गुंठे, उभादांड्याला, माडांच्या मधून समुद्र.
एजंटाने समुद्र बरोबर मधोमध धरलाय.
आता त्याला म्हण, जरा पाठ फिरव आणि एक फोटो काढ,
वाट कुठून येते ते दिसू दे.

मोजणीच्या साखळीवरचा भिकाजी तोरसकर सांगायचा,
"जमीन गावता गो, वाट गावणा नाय."
नकाशातली वाट आणि पायाखालची वाट
या सख्ख्या जावा,
एका घरात राहतात, बोलत नाहीत.

सातबाऱ्यावर सगळे नाव बघतात, क्षेत्र बघतात, झालं.
तू इतर हक्कांचा रकाना वाच.
तिथे एखादं कूळ बसलेलं असतं साठ वर्षं,
हू नाही की चू नाही.
जुने फेरफार काढ. हिस्सेदार मोज.
चार इथले, एक बोरिवलीला, एक मस्कतला
आणि एक आत्या, जिचं नाव घरात कुणी घेत नाही.
सही तिचीच लागते.

आणि कागदावर तू शेतकरी आहेस का?
तुझ्या बाबाने आपला हिस्सा सोडला, तेव्हा पेढे वाटले होते.
तो कागद आधी शोध.

विहीर मे महिन्यात बघ, दोर आपला घेऊन.
जागा जुलैत बघ, चप्पल हातात घेऊन.
डिसेंबरात काय, डिसेंबरात सगळंच सुंदर असतं.

भाड्याचं गणित बाराने करू नकोस, नवाने कर.
एक महिना खोली रिकामी,
एक महिना पंपाचा,
एक महिना मिठाचा.
हो, मिठाचा. इथली हवा न विचारता राहायला येते,
कड्या, बिजागऱ्या, स्लॅबमधल्या सळया चाटत बसते.
समुद्र दिसतो त्याचे पैसे पाहुणा चार महिने देईल,
समुद्र खातो त्याचे तू बारा महिने.

माझ्या चार खोल्या पोस्टातल्या नोकरीवर उभ्या राहिल्या,
दरवर्षी एक भिंत, असं म्हटलंस तरी चालेल.
करार अकरा महिन्यांचा, नोंदवलेला.
पोलिसात कागद दिलेला.
मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून बघायचं, दोघांच्या अक्षरात लिहायचं.
पावती द्यायची, समोरचा नको म्हणाला तरी.
अनामत वेगळ्या खात्यात. ते पैसे आपले नव्हेत,
ते आपल्याकडे राहायला आलेत फक्त.

हे मला उशिरा कळलं.

बर्फाच्या कारखान्यातला इनास लोबो
तीन वर्षं राहिला, बायको आणि तान्ही मुलगी.
भाडं पाच तारखेला, कधी सहा नाही.
गेला तेव्हा मी बॅटरी घेऊन भिंती तपासल्या.
नवा रंग होता ना!
चार खिळे. प्रत्येकी शंभर कापले.
तो काही बोलला नाही. सही केली,
किल्ली पायरीवर ठेवली, हातात दिली नाही.

पुढच्या महिन्यात नवी नर्सबाई आली.
पहिल्याच रात्री दार वाजवून विचारते,
"काकी, मच्छरदाणी बांधू कुठे?"
मी हातोडी घेऊन गेले.
भोकं तयारच होती, चार कोपऱ्यांत,
लहान मुलाच्या अंगावर जाळी नीट पडेल इतक्या उंचीवर.

चारशे रुपये मडगावला मनीऑर्डरने पाठवले.
पत्ता चुकीचा म्हणून परत आले.
पोस्टातली बाई मी, माझीच मनीऑर्डर परत.

तेव्हा तू खोल्या बांधशील तर
खिळे आधीच मार, स्टीलचे,
आणि झीज कशाला म्हणायचं, नुकसान कशाला,
ते भाडेकरू यायच्या आधी लिहून ठेव.
तो जायला निघाल्यावर
आपली नजर बरी राहत नाही.

एजंटाचा फोन आला तर म्हण, काकी आजारी आहे.
शुक्रवारी ये. तलाठी शुक्रवारी भेटतो,
असं म्हणतात.
चप्पल जुनी घाल.